शाळा सोडण्याचे कारण

मित्रांनो, लगेच हात मागे घेऊ नका. मी एक जुनी छडी आहे हे खरे, पण आता मी कोणाला मारत नाही. नागपुरात, नंदनवन वस्तीतल्या एका अंगणात मी मातीत रोवलेली आहे आणि माझ्या अंगावरून दोडक्याचा वेल वर चढला आहे. वेलाला माझे मागचे काही ठाऊक नाही, म्हणून तो खुशाल मिठी मारतो. तुम्हाला मात्र सगळे सांगायला हवे. सांगताना मान खाली जाते म्हणतात. छडीला मान नसते, तेव्हा ताठ उभी राहूनच सांगते.

माझा जन्म रुपराव बुरडाच्या हातचा. बांबू उभा चिरून त्याने कमच्या काढल्या. त्यांतल्या पातळ होत्या त्या सुपात विणल्या गेल्या. मी जरा जाड निघाले, म्हणून बाजूला पडले. तेवढ्यात वामनराव मास्तर सूप न्यायला आले.

"मास्तर, हेबी घेऊन जा," रुपरावाने मला काचेच्या तुकड्याने घासून गुळगुळीत केले. "पैसे राहू द्या. पोरं सरळ होतेत."

एकाच बांबूच्या आम्ही दोघी. सूप गेले मास्तरांच्या घरी, त्यांच्या बायकोच्या, सुभद्राबाईंच्या स्वयंपाकघरात आणि मी गेले शाळेत. त्या बहिणीने तांदूळ पाखडले. मी काय केले ते आता ऐका.

वामनराव चौथीचा वर्ग घेत. माणूस वाईट नव्हता. एखाद्याने डबा आणला नाही तर आपल्यातली अर्धी भाकर देत. पण चाळीस मुलांचा वर्ग शांत राहिला पाहिजे, एवढे एक त्यांनी मनाशी धरले होते. मी टेबलावर नुसती आपटले की वर्ग चिडीचूप व्हायचा. हेडमास्तर दारातून डोकावून म्हणायचे, "वा, वामनराव! शिस्त असावी तर अशी." मित्रांनो, मला वाटायचे ही माझीच स्तुती. तेल लावलेल्या अंगाने मी टेबलावर ऐटीत पडून असायचे. मुलांचे हात थरथरायचे, त्याला मी आदर समजत होते.

मग एकोणीसशे सत्तर साली वामनरावांची स्वतःची मुलगी त्यांच्याच वर्गात आली. तिचे नाव प्रेमिला. घरी तिला पमी म्हणत. पमी डावखुरी होती. पेन्सिल, खडू, पेरूवर मारायचा दगड, सगळे डाव्या हातात. घरी वामनराव एवढेच सांगायचे की, देणेघेणे उजव्या हाताने करावे. लिहिण्याचे त्यांनी अजून मनावर घेतले नव्हते. वर्गात मात्र कुजबुज सुरू झाली. एका मुलाच्या वडिलांनी तर फाटकाशी उभे राहून ऐकवले, "आमच्या पोराले डाव्या हातासाठी छडी, अन् मास्तरच्या पोरीले माफी? वा रे न्याय!"

ते वाक्य वामनरावांना झोंबले. दुसऱ्याच दिवशी शुद्धलेखनाच्या तासाला ते पमीच्या बाकाशी थांबले. सगळा वर्ग बघत होता. त्यांनी मला उचलले आणि म्हणाले, "हात पुढे कर. डावा."

मी तिच्या बोटांवर पाच वेळा पडले. मोजायची मला शाळेतच सवय लागली होती. ती रडली नाही. रडली असती तर मास्तर बहुधा दोनवर थांबले असते. पहिल्या बोटाचे पेर सुजून टम्म झाले. आणि लाजेची गोष्ट ही की, त्या क्षणी मला वाटले, आज मास्तरांनी किती खरा न्याय केला!

संध्याकाळी पमीला त्या हाताने भाकरीचा तुकडा मोडता येईना. सकाळी ती दाराची चौकट धरून बसली. ओढली, समजावली, तरी सुटेना. पेन्सिल तर ती कुठल्याच हातात धरेना. तिसऱ्या दिवशी सुभद्राबाई नवऱ्यापुढे उभ्या राहिल्या.

"तुमी शाळेत चाळीस पोरं सांभाळा. ही एक माझ्यापाशी राहू द्या."

"अगं, लोक काय म्हणतील? मास्तरची पोरगी अन् घरी?"

"मारलं तवा लोकाइले पाहून मारलं. आतातरी तिच्याकडे पाहा."

शाळेत जाऊन वामनरावांनी तिचा दाखला काढला. 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिले, 'प्रकृती अस्वास्थ्य'. त्याच दिवशी त्यांनी मला घरी आणले. चुलीत घालायला वाकले, तोच सुभद्राबाईंनी त्यांचा हात धरला.

"जाळू नका. जाळली तं तुमाले इसर पडन. तिले नाही पडनार."

मला कौलाखालच्या वाशात खोचून ठेवले. तिथून मला खाली चाललेली शाळा दिसायची. सुभद्राबाई सातवी पास होत्या, काटोलकडच्या खेड्यात शिकलेल्या. दुपारी भांडी आवरली की त्यांची शाळा भरे. सुपात तांदूळ पसरून त्या म्हणत, "काढ यात अ." तांदळात बोटाने काढायला पेन्सिल लागत नाही आणि चुकले तर सूप हलवले की पुसले. तीन दिवस पमी नुसती बघत राहिली. चौथ्या दिवशी तिने हळूच डावे बोट तांदळात घातले. सूप माझी बहीण ना! तिच्या अंगावर अक्षर उमटले आणि मी वर वाशात तोंड लपवून होते.

शेजारच्या यमुताईंचे डोळे कुंपणापलीकडून सगळीकडे पोहोचत. "काय वं सुभद्रा, मास्तरच्या घरची पोरगी शाळेले काहून नाही जाऊन राहिली? दिव्याखालीच अंधार म्हनतेत तो हाच का?"

"तब्येत बरी नसते तिची," सुभद्राबाई खाली बघून म्हणायच्या.

"हो का? बिमार पोरगी तं पेरूच्या झाडावर चढून बसली वं!"

झाडावरून पमी हे ऐकायची. आपण आजारी नाही हे तिला ठाऊक होते. मग आई असे का सांगते? नऊ वर्षांच्या मुलीने त्याचा एकच अर्थ लावला. आपल्यात काहीतरी लपवण्यासारखे आहे. कोणी पाहुणे आले की ती डावा हात परकराच्या घोळात दडवू लागली. मित्रांनो, माझ्या पाच फटक्यांची सूज आठ दिवसांत उतरली होती. पण 'तब्येत बरी नसते' हा फटका रोज बसत होता, आणि तो मारायला छडीसुद्धा लागत नव्हती.

उन्हाळा आला. एके सकाळी सुभद्राबाईंनी मला वाशातून काढले. मला बघताच पमी दाराआड गेली.

"ही आता बाबाची नाही. आपल्या शाळेचं घड्याळ आहे," त्या म्हणाल्या. दोरीला दगड बांधून ओळंबा धरला आणि अंगणाच्या मधोमध मला अगदी सरळ रोवले. सकाळी माझी सावली लांब पडे, मग आखडत जाई. दर तासाला सावलीच्या टोकाशी पमीने एक खडा ठेवायचा. ती लांबूनच यायची, खडा टाकायची आणि पळायची. माझ्या सावलीलासुद्धा तिचा पाय लागत नसे. मला हलता आले असते तर मीच अंगणातून निघून गेले असते.

मे महिन्याच्या शेवटी, नागपूरच्या त्या भाजून काढणाऱ्या दुपारी, पमी डोक्याला ओला दुपट्टा बांधून बाराचा खडा ठेवायला आली आणि थबकली. सावलीच नव्हती. सूर्य बरोबर डोक्यावर होता, नागपुरात वर्षातून दोनदाच येतो तसा. ती चार पावले पुढे आली. वाकली. या बाजूने पाहिले, त्या बाजूने पाहिले. मग सगळे विसरून तिने डाव्या हाताने मला धरले आणि बुडाशी कुठे सावली दडली आहे का, ते चाचपू लागली.

तेच बोट. तेच पेर. जरासे वाकडे राहिलेले.

"बाबा!" ती ओरडली. "ओ बाबा, छडीची सावली हरवली! या ना लवकर!"

सुट्टी होती, वामनराव घरीच होते. नऊ महिन्यांत पोरीने त्यांना अशी हाक मारली नव्हती. ते अनवाणीच तापल्या अंगणात धावत आले. ती हसत त्यांच्याकडे वळली आणि त्यांना समोर बघताच तिचा डावा हात आपोआप पाठीमागे गेला.

वामनरावांनी तो जाताना पाहिला. पाय भाजत असूनही ते बराच वेळ तिथेच उभे होते. त्या घडीला माझी सावली नव्हती, पण माझी लाज मात्र पुरी अंगणभर पसरली होती.

त्यानंतर त्या घराची एक गमतीची रीत पडली. पाचवीचे, सहावीचे करत गणित अवघड होत गेले. सुभद्राबाईंना बीजगणित कुठून येणार? पमी बापापुढे पुस्तक घेऊन बसायला तयार नव्हती आणि बापालाही बोलवायचा धीर नव्हता. म्हणून संध्याकाळी सुभद्राबाई भाजी चिरत आणि वामनराव त्यांना समोर बसवून शिकवत.

"हा क्ष म्हणजे काय, समजलं?"

"समजलं. पन तो सारखा इकडून तिकडं काहून जाते? एका जागी बसत नाही मेला."

आतल्या खोलीत पमी तोंडावर हात धरून हसे. तिला भिंतीआडून सगळे आधीच समजलेले असे. तरी दुसऱ्या दुपारी ती आईकडून तेच पुन्हा शिके. मध्येच मुद्दाम विचारे, "माय, हे असंच का?" मग आई म्हणे, "थांब, संध्याकाळी विचारून ठेवीन." असे प्रश्न बापाकडे जात आणि उत्तरे आईकडून येत. पाच-सहा वर्षे हे टपाल चालले. पमी बापाशी बोलायची, त्यांचा चहा आणून द्यायची, पण प्रत्येक वेळी उजव्या हाताने. लिहायची मात्र डाव्या हाताने, त्यांच्याकडे पाठ करून.

शहात्तर साली पमी सोळा वर्षांची झाली. मॅट्रिकला बाहेरून बसायचे ठरले. वामनरावांनी सतरा नंबरचा फॉर्म आणला. पायरीवर तिघेही बसली, शेजारी मी. पमी वडिलांकडे पाठ करून, गुडघ्यावर पाटी ठेवून फॉर्म भरू लागली. नाव. जन्मतारीख. शेवटची शाळा. मग पेन थांबले.

"'शाळा सोडण्याचे कारण'," तिने वाचले. "काय लिहू?"

"दाखल्यावर हाय तेच लिव," सुभद्राबाई घाईने म्हणाल्या.

पमीने दाखला उलगडला. वडिलांचे वळणदार अक्षर. ती हळू आवाजात म्हणाली, "मी बिमार होती का वं माय?"

यमुताई कुंपणापलीकडे वाळवणाशी उभ्या होत्या, त्यांचा हात तसाच थांबला.

"दे इकडे," वामनराव म्हणाले. पेन घेतले. रकाना एका ओळीचा होता. त्यांचे वळणदार अक्षर त्या दिवशी काही सरळ पडले नाही, समासात चढले. त्यांनी लिहिले, 'मुलगी निरोगी होती. डाव्या हाताने लिहिते म्हणून वर्गात तिच्या वडिलांनी मारले.' खाली सही केली. आणि सहीखाली, कोणी मागितले नसताना, 'शिक्षक' असेही लिहिले.

"अवो, हे काय केलं!" सुभद्राबाई घाबरल्या. "सगळ्या हापिसात वाचतीन. तुमची नोकरी? अन् फॉर्म वापस आला तं?"

"आला तं दुसरा आणीन. त्याच्यावरबी हेच लिहीन." मग ते कुंपणाकडे वळले. "यमुताई, ऐकलं ना? पोरगी बिमार नव्हती."

यमुताईंनी पदर सावरला. पहिल्यांदाच त्यांना टोमणा सुचला नाही. "आमाले ठाऊकच होतं मास्तर," एवढेच त्या म्हणाल्या.

वामनरावांनी पेन परत पुढे केले. सवयीने पमीचा डावा हात पाठीमागे गेला आणि उजवा वर आला. त्यांनी पेन दिले नाही. दोन्ही हातांनी धरून ते तिच्या डाव्या बाजूला नेले आणि तिथेच थांबले. त्यांची मान खाली होती. एखादा विद्यार्थी मास्तरांपुढे उभा राहतो ना, तसे ते बसले होते.

पमीने पाठीमागून डावा हात काढला आणि पेन घेतले.

फॉर्म परत आला नाही. हापिसात वामनरावांकडे बघून कोणी हसले, कोणी नाही. पमी पास झाली, भूमितीत आईपेक्षाही पक्की निघाली. पुढे ती काय झाली ते सांगत बसत नाही. या वेलाचे दोडके ती डाव्या हाताने तोडते आणि ते वाकडे पेर माझ्या डोळ्यांसमोरून जाते, एवढे सांगते. तिने मला माफ केले असेल. पण मी पाच फटके मारले होते, ते चार झाले नाहीत.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी शाळेत शिकत असेल, कोणी घरी आईच्या सुपापाशी. दोन्हीकडे शिकता येते. फक्त एक मागणे आहे. कधी तुमच्या हातून कोणाला लागले, तर कारणाच्या रकान्यात त्याचा आजार लिहू नका. तिथे आपले नाव लिहा. आणि मोठ्यांपैकी कोणी तसे लिहायला बसले आणि त्यांचा हात थरथरला, तर हसू नका. तो हात पहिल्यांदाच लिहायला शिकत असतो.