चाकातलं ग्रीस

बायको स्केटिंग शिकवताना उतारावर पडून वारली, हे कळलं त्याच दिवशी फिटरच्या मनात दुकानदाराबद्दल पाल चुकचुकली. तिच्या स्केटचं एक चाक जाम झालं होतं. तो ते घेऊन तडक दुकानात गेला.

"सिरॅमिक सांगून स्टीलचं बेअरिंग गळ्यात मारलंस ना?"

दुकानदाराने बेअरिंग उघडून छर्‍यांवर लोहचुंबक फिरवलं. एकही छर्रा चिकटला नाही.

"माल अस्सल आहे, काका. पण हे घट्ट ग्रीस कुणी भरलं? यात पातळ तेलाचा एक थेंब पुरतो. ग्रीसमध्ये वाळू बसलीय."

कारखान्यातल्या यंत्रांना भरतो तसं ग्रीस फिटरनेच भरलं होतं, मोठ्या मायेने.

लेकीच्या स्केटमध्येही तेच आहे. ते धुवायचं अजून राहिलंय, आणि तिला सांगायचंही.