उलटी प्रदक्षिणा

धीरजचे ते पत्र श्रीपादरावांनी पुन्हा पुन्हा वाचले होते, पण त्याला उत्तर काही दिले नव्हते. पत्राच्या चारी कोपऱ्यांना कुंकू लावलेले होते. धारला धीरजने लोखंडी प्लेट कापायचे, प्लाझ्मा कटिंगचे यंत्र आणले होते, कॉम्प्युटरने चालणारे, आणि लिहिले होते, ‘काका, यंत्राची पूजा तुमच्या हातून व्हायची आहे. तुम्ही दिवस कळवा, त्या दिवशी नारळ फोडू.’ फोन करणे त्याला सोपे होते. पण जो माणूस श्रीपादरावांच्या वर्कशॉपमध्ये शिकला, त्याला हे पक्के माहीत होते की वडीलधाऱ्यांना शुभकार्याचे बोलावणे कुंकवाच्या पत्रानेच जाते आणि उत्तरही पत्रानेच येते. उत्तर गेले नाही. पत्र वर्कशॉपमधल्या दत्ताच्या तसबिरीमागे जाऊन बसले आणि त्यावर दिवाळ्या येऊन गेल्या.

श्रीपादराव तरुणपणी कऱ्हाडहून देवासला कारखान्यात नोकरीला आले आणि पुढे इंडस्ट्रियल एरियात स्वतःचे लहानसे वर्कशॉप काढून बसले. गॅस कटरवर त्यांचा हात असा होता की कापलेल्या कडेवर कानस फिरवावी लागत नसे. धीरज हे सगळे त्यांच्याच हाताखाली शिकला, आणि वडील गेल्यावर आईजवळ, माईजवळ, धारला निघून गेला. तेव्हा श्रीपादरावांना वाईट वाटले, पण ते साधे वाईट वाटणे होते. खरे दुखणे सुरू झाले ते लोक धारच्या कटिंगची तारीफ करू लागले तेव्हा.

शिष्य पुढे गेला की गुरूला धन्य वाटते, असे पुस्तकांतून असते. श्रीपादरावांनी तशी पुस्तके वाचलेली होती, म्हणून त्यांना मत्सर तर वाटेच, वर मत्सराची लाजही वाटे. धारहून कापून आलेला एखादा तुकडा कुणाच्या गाडीत दिसला की ते सहज म्हणून उचलत आणि अंगठ्याचे नख कडेवरून फिरवत. कुठे तरी खोट लागावी, एवढीच इच्छा. खोट लागत नसे. मग त्या दिवशी जेवणात मीठ कमी निघे.

“धीरजला तिकडे शिंक आली की यांना इकडे ताप येतो,” असे त्यांच्या पत्नी, विद्युल्लताबाई, येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगत. श्रीपादराव वर्तमानपत्र वर धरून ऐकले नाही असे दाखवत.

शेवटी त्यांनीही प्लाझ्माचे यंत्र आणले. गरज होती हे खरे, पण गरजेपेक्षा धारच जास्त होते. कॉम्प्युटरचे काम त्यांच्या मुलीने, नीरजाने, अंगावर घेतले. तिचे शिक्षण सगळे हिंदीतले. मराठी बोलायची फर्राटेदार, वाचायला दिली की अडखळायची. पहिल्या दिवशी तिने पडद्यावर टॉर्चची, म्हणजे कापणारी ज्योत सोडणाऱ्या तोंडाची, वाट दाखवली. बाहेरची कड कापताना टॉर्च घड्याळाच्या काट्यासारखा, म्हणजे प्रदक्षिणेच्या दिशेने जाई आणि आतली भोके कापताना उलटा फिरे.

श्रीपादरावांनी तिथेच हात वर केला. देवाचे नाव घेऊन सुरुवात करतोय, आपल्या यंत्रावर उलटी प्रदक्षिणा होणार नाही, सगळे सुलटे कर, असे त्यांनी सांगितले.

“बाबा, सॉफ्टवेअरनं आपणहून तसं लावलंय. काही तरी वजह असेल ना,” नीरजा म्हणाली.

“वजह मी सांगितली.”

नीरजाने सगळे सुलटे केले आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

त्यांचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक म्हणजे खातेगांवचे धाकडसेठ. ते पेरणीयंत्रे बनवत. त्या यंत्रांच्या बाजूच्या जाड लोखंडी पाट्या वर्षानुवर्षे श्रीपादरावांकडे कापल्या जात. नव्या यंत्रावरच्या पाट्या बाहेरून देखण्या निघाल्या, पण भोके तिरपी. बोल्ट वरून सरळ आत जाई आणि खाली जाऊन अडके. एकेक भोक ड्रिलने पुन्हा मोठे करावे लागे. श्रीपादरावांनी आधी प्लेटला दोष दिला, मग नोझलला, मग हवेतल्या पाण्याला, आणि एकदा, पुढे ज्याची त्यांना फार लाज वाटली, नीरजाला.

नवरात्राच्या तोंडावर धाकडसेठ स्वतः आले. त्यांनी पिशवीतून एक पाटी काढून टेबलावर ठेवली. भोकात बोल्ट टाकला, तो टपकन खाली पडला. पाटी कुठली हे त्यांनी सांगितले नाही, सांगायची गरजही नव्हती.

“भिया, तुमसे पुराना नाता है,” धाकडसेठ म्हणाले. “पर छेद तो सीधा चाहिए. बोल्ट नाते से थोड़ी अंदर जाएगा.” गव्हाच्या पेरणीआधी, दिवाळीच्या आत, माल चोख मिळाला तर ठीक, नाही तर या सालापासून सगळे काम धारला, असे सांगून ते चहा न घेता गेले. चहा न घेणे हेच श्रीपादरावांना जास्त लागले.

त्या रागाच्या भरात खंडेनवमी आली. यंत्राची पूजा अशी करायची की धारपर्यंत बातमी गेली पाहिजे, असे त्यांनी मनात घेतले. स्वतः ब्रश हातात धरून त्यांनी कटिंगच्या टेबलाच्या सगळ्या चौकटीला हिरवा तेलरंग दिला. तेवढ्याने समाधान होईना, म्हणून वाळल्यावर दुसरा हात दिला. अर्थिंगच्या तारेचा चिमटा जिथे चौकटीला लावलेला असतो, ती जागा गंजट दिसत होती. देवापुढे गंजलेले काही नको, म्हणून चिमटा काढून तिथेही रंग चोपडला, आणि वाळल्यावर चिमटा पुन्हा जागच्या जागी लावला. झेंडूच्या माळा चढल्या, कुंकवाची बोटे उमटली. यंत्र नवरीसारखे दिसत होते.

दसऱ्यानंतर काम सुरू करायला गेले, तर आर्क, म्हणजे विजेची ज्योत, धरेना. टॉर्चच्या तोंडाशी निळी ठिणगी उठे, हवा फुसफुसे, टॉर्च प्लेटवर जाई आणि ज्योत प्लेटला न पकडता तिथेच विझे. नोझल बदलले, आतला इलेक्ट्रोड बदलला, कॉम्प्रेसरच्या टाकीतले पाणी काढले. ठिणगी तशीच उठे आणि तशीच विझे. कंपनीच्या माणसाने फोनवर विचारले, अर्थिंग लागले आहे का? श्रीपादरावांनी चिमट्याकडे पाहिले आणि जरा चिडूनच सांगितले की लागले आहे, आम्ही काल-परवाचे वेल्डर नाही.

दिवाळी जवळ येत चालली. नीरजाने एका दुपारी हळूच म्हटले, “बाबा, धीरजदादाला विचारू का?”

श्रीपादरावांनी हातातले नोझल खाली ठेवले. ते नुसते उठून बाहेर जाऊन उभे राहिले. नीरजा काय ते समजली आणि तिने धारला फोन केला नाही.

पण त्याच रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांच्या मनात एक हलका विचार आला, आणि हलके विचार लवकर झोपू देत नाहीत. धीरज आठवड्याच्या बाजाराला माल घेऊन बदनावरला जातो, हे त्यांना माहीत होते. त्या दिवशी धारला गेले तर? धीरज नसेल. यंत्र असेल. काय युक्ती केली आहे ती डोळ्यांनी पाहून यायचे. विद्युल्लताबाईंना त्यांनी इंदूरला दातांच्या डॉक्टरकडे जातो म्हणून सांगितले.

“कवळी घरीच राहिलीय,” त्या मागून म्हणाल्या.

इंदूरला बस बदलून ते धारला उतरले, तेव्हा आपण या वयात चोरासारखे चाललो आहोत हे त्यांना चांगले कळत होते. पाय मात्र थांबत नव्हते. धीरजच्या शेडमध्ये एक कारागीर यंत्र चालवत होता. श्रीपादरावांनी आपण गिऱ्हाईक आहोत असे काहीसे पुटपुटून बाजूच्या स्टुलावर जागा धरली. काळा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पाहू लागले.

टेबल जुनाट, तांबेरलेले, रंगाचा थेंब नाही. एवढे पाहून त्यांना बरे वाटले. मग टॉर्च भोकावर आला. आर्कने प्लेट झटकन धरली आणि टॉर्च उलटा फिरला. एकामागून एक सगळी भोके उलटी. ती संपल्यावर बाहेरची कड सुरू झाली आणि तिथे टॉर्च सुलटा, प्रदक्षिणेच्या चालीने गेला.

श्रीपादरावांनी न विचारता कापलेली पाटी आणि भोकातून पडलेला तुकडा उचलून नख फिरवले. मालाची कड सरळ, भंगाराची कड तिरपी. ज्योत टॉर्चमधून भोवऱ्यासारखी फिरत खाली येते, तेव्हा तिच्या चालीच्या उजव्या हाताची कड सरळ कापली जाणार आणि डाव्या हाताची तिरपी. बाहेरून कापताना माल उजवीकडे हवा, म्हणून सुलटे. भोकात माल बाहेरच्या बाजूला, तो उजवीकडे यायचा तर उलटेच फिरले पाहिजे. देवाला तरी आपण उजव्या हाताशीच ठेवतो की. तो उजवीकडे राहावा म्हणून तर प्रदक्षिणा सुलटी. आणि आपण देव सोडून दिशा धरून बसलो! नीरजाला यंत्राने पहिल्या दिवशीच बरोबर सांगितले होते, आणि तेव्हा हात वर केला होता आपणच.

तेवढ्यात मागून आवाज आला. “श्रीपादराव, तुम्ही? आणि असे स्टुलावर?”

माई होत्या. कारागिराचा चहा घेऊन आल्या होत्या. श्रीपादरावांना पळायला वाट नव्हती. ते दातांच्या डॉक्टरबद्दल काही बोलू लागले आणि मध्येच काळा चष्मा उतरवू लागले. माईंनी पदराने कपाची कड पुसली. चहाचा कप त्यांच्याच हातात दिला. बोलणे काही तरी काढायचे म्हणून श्रीपादराव म्हणाले की टेबलाला रंग द्यायला हवा होता, निदान खंडेनवमीला.

“मी दर वर्षी रंग आणून ठेवते,” माई म्हणाल्या. “धीरज चौकटीला ब्रश लावू देत नाही. म्हणतो, अर्थिंगच्या जागेला देव जरी आला तरी रंग लागायचा नाही, ती घासून लख्ख ठेवायची, काकांनी कान पिळून शिकवलंय.”

श्रीपादरावांची नजर चिमट्याकडे गेली. त्याच्याखालचे लोखंड रुपयाच्या नाण्यासारखे चमकत होते. वेल्डिंग शिकवताना धीरजचा कान त्यांनी खरोखरच पिळला होता. कोणत्या चुकीसाठी, हेही त्यांना आता आठवले: चिमट्याखाली रंग राहिला की वीज लोखंडात उतरत नाही.

“आणि झेंडू?” त्यांनी विचारले, कारण यंत्रावर माळेचा सुतळीचा तुकडासुद्धा दिसत नव्हता.

माई म्हणाल्या, “याची पूजा कुठे झालीय? जुन्या गॅसकटरला हळदकुंकू लावतो. याला नाही. मी ओरडते, शेजारीपाजारी हसतात. काकांचं पत्र येऊ दे, म्हणतो.”

कप रिकामा झाला होता, तरी श्रीपादराव तो धरून बसले. शेवटी त्यांनी एवढेच म्हटले की मी आलो होतो हे धीरजला सांगू नका.

“मी नाही सांगत,” माई म्हणाल्या. “तुम्ही सांगा.”

देवासला परतल्यावर त्यांनी घरी न जाता वर्कशॉप गाठले. पॉलिशपेपर घेतला आणि चिमट्याखालचा हिरवा रंग घासून काढला, लोखंड चमकेपर्यंत. नीरजा पाहत उभी राहिली. चिमटा लावला, बटण दाबले, ठिणगी उठली आणि आर्कने प्लेटमध्ये दात रोवले. मग त्यांनी नीरजाकडे न पाहता सांगितले की भोके तुझ्या पद्धतीने, उलटी लाव.

“माझ्या नाही, सॉफ्टवेअरच्या,” ती म्हणाली. मग तिने विचारले, “दात कसा आहे?”

“ठिकाणावर आला,” श्रीपादराव म्हणाले.

माल दिवाळीच्या आत तयार झाला. धाकडसेठनी भोकात बोल्ट टाकला, तो टपकन खाली पडला. दुसऱ्यात टाकला, तोही पडला. ते खुश होऊन म्हणाले, “क्या बात है भिया. अब तो धारवाला भी आपसे सीखे.” या वेळी त्यांनी चहाही घेतला.

हे वाक्य ऐकण्यासाठी श्रीपादरावांनी काय काय केले नव्हते. आता ते आयते कानांवर आले आणि घशाखाली उतरेना. धारवाला आपल्याकडूनच शिकला होता, आणि शिकलेले त्याने जपून ठेवले होते. आपण मात्र ते त्याच्या अंगणातून चोरून परत आणले होते. “वो सीखा है,” एवढेच त्यांनी धाकडसेठना सांगितले.

संध्याकाळी त्यांनी तसबिरीमागचे पत्र काढले आणि उत्तर लिहायला घेतले. पहिला कागद फाडला, कारण त्यात पुस्तकी वाक्ये फार होती. दुसऱ्यात लिहिले की भाऊबीज झाल्यावर येणाऱ्या गुरुवारी येतो, नारळ माझ्याकडून आणतो. बाजाराच्या दिवशी येऊन तुझे यंत्र पाहून गेलो, हेही लिहिले; माईंना रागावू नकोस. मग पुढच्या ओळीवर लिहिले, ‘तुझा कट माझ्यापेक्षा स्वच्छ आहे.’ वाचून पाहिले. जीव जळला. ‘माझ्यापेक्षा’ खोडावेसे वाटले. खोडले नाही, फक्त खाली भर घातली, ‘टेबलाला मात्र रंग दे. अर्थिंगची जागा सोडून.’

विद्युल्लताबाईंनी कोपऱ्यांना कुंकू लावून दिले. सकाळी श्रीपादराव पोस्टाकडे चालत निघाले. वाटेत, धारला आता पूजेनंतर आणखीच काम वाढेल, असा एक विचार मनात येऊन गेला आणि पाय जरासे रेंगाळले. पेटीसमोर उभे राहून त्यांनी पाकिटावरचा पत्ता पुन्हा वाचला, आणि पाकीट आत सोडून दिले.