तिघी हजर

ट्राम थांबली, आकाने आणि मिनोरी पुढच्या दारानं उतरल्या, आणि कोतोए मागच्या दाराच्या काचेआड उभीच राहिली. पिशवी पोटाशी धरून ती शांतपणे दार उघडायची वाट बघत होती. तिकडे जपानात, कोबेला, दारं आपोआप उघडतात. व्हिएन्नात शेजारचं हिरवं बटण दाबावं लागतं, पण गेले तीन दिवस ते आकानेच दाबत होती आणि कोतोए तिच्या मागून उतरत होती. आज गर्दीमुळे ती एकटी मागच्या दाराशी गेली होती.

"अगं, बटण! बटण दाब!" आकाने ओरडली.

ऐकू आल्यासारखी कोतोएनं मान हलवली. तेवढ्यात ट्राम तिला घेऊन निघून गेली.

दोघी धावत पुढच्या थांब्यावर गेल्या. कोतोए तिथे नव्हती. मागून आलेल्या दोन ट्रामा रिकाम्या झाल्या, भरल्या, गेल्या. बाराला पाच मिनिटं कमी होती. ठीक बाराला प्रत्येक गटप्रमुखानं हॉटेलात बसलेल्या हाताकेयामा सरांना फोन करायचा होता. सहलीतला हा एकच मोकळा दिवस, आणि त्याची एवढीच अट होती. मुलींचे स्वतःचे फोन सरांकडे जमा होते. गटाचा एकुलता एक फोन गटप्रमुख म्हणून मिनोरीच्या खिशात होता.

"काय सांगणार आहेस?" आकानेनं विचारलं.

"खरं तेच. दुसरं काय सांगू?"

"शहाणीच आहेस! गेल्या वर्षी एक पोरगा पाऊण तास उशिरा आला, तर उरलेले दोन दिवस सगळ्यांना हॉटेलात कोंडलं होतं. विसरलीस? शंभर जण शिव्या घालतील आपल्याला. गटप्रमुखबाईंची अब्रू गेली तर गेली, पण त्या कोतोएचं काय? आधीच ती कुणाच्या नजरेला नजर देत नाही. आणि दहा मिनिटांत ती समोरून चालत आली, म्हणजे?"

मिनोरीनं फोन हातात धरून ठेवला. स्वतःला वाचवायला खोटं बोलणं तिला जमलं नसतं. कोतोएसाठी म्हटल्यावर ते सोपं झालं.

"तिसरा गट. तिघी हजर. सगळं ठीक आहे, सर."

"शाब्बास. जेवलात का?"

"हो, सर."

हे दुसरं खोटं तर विचार न करताच बाहेर पडलं.

दहा मिनिटं झाली, वीस झाली, तास झाला. आकानेची बडबड बंद पडली. काळ्या केसांची कुणीही दिसली की मिनोरी दोन पावलं पुढे जायची आणि चेहरा दिसला की परत यायची. पलीकडच्या रस्त्यानं रुग्णवाहिका गेली. घरच्यापेक्षा वेगळाच तो आवाज विरेपर्यंत ती तिकडे बघत राहिली. वर्गात हजेरी देतानाही कोतोएचा आवाज फुटत नसे. ती अनोळखी माणसाला रस्ता कशी विचारणार? आणि सगळ्यात वाईट म्हणजे, कोतोए हरवलीय हे या अख्ख्या शहरात दोघींशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. तिला शोधायला कुणीच निघालेलं नव्हतं.

सव्वा वाजता मिनोरीनं पुन्हा फोन काढला.

"ए, थांब ना," आकाने म्हणाली. पण तिनं हात धरला नाही.

"सर, मी खोटं बोलले. कोतोए आमच्याबरोबर नाहीये. बाराच्या आधीपासूनच नव्हती."

सर ओरडतील म्हणून तिनं डोळे मिटून घेतले. सर ओरडले नाहीत.

"कुठली ट्राम?"

"डी, सर. नुसडोर्फकडे जाणारी."

"मिनोरी, एक वाजता इथल्या काउंटरवर फोन आला होता. शेवटच्या थांब्यावर एक जपानी मुलगी आहे, हॉटेलचं नाव तेवढं सांगतेय, तिचं स्वतःचं नाव काही कळत नाही, तुमची का, असं विचारत होते. मी यादी पाहिली. सगळे गट पूर्ण होते. मी म्हटलं, आमची नाही, इथे उतरलेल्या दुसऱ्या शाळेची असेल."

मिनोरीला पाठीमागे खांब आहे हे टेकल्यावर कळलं.

"तुम्ही ट्राम पकडा. मी टॅक्सीनं निघतो. फोन चालू ठेव."

ट्राममध्ये बसायला जागा होती, पण दोघी उभ्याच राहिल्या. घरं कमी होत गेली, टेकडीवरचे द्राक्षमळे दिसू लागले. तेवढ्यात फोन वाजला.

"मी शेवटच्या थांब्यावर पोचलोय, ती इथे नाहीये," सर म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "ड्रायव्हर लोकांनी खोलीत बसवून चहा दिला होता. आमची नाही हे कळल्यावर ती उठली, वाकून आभार मानले आणि निघून गेली. पाऊण तास झाला."

"काय म्हणाले?" आकानेनं विचारलं. मिनोरी खिडकीकडे वळली. "तिथून निघून गेलीय. रस्त्यावर बघ."

मग आकाने किंचाळली. "ती बघ! ती बघ!"

रुळांच्या कडेनं, खाली मान घालून, कोतोए चालत होती.

पुढच्या थांब्यावर उतरून दोघी उलट्या धावत आल्या; धावतानाच मिनोरीनं सरांना फोनवर थांब्याचं नाव कळवलं. त्यांना पाहून कोतोए थांबली आणि कमरेतून वाकली.

"माफ करा. माझ्यामुळे तुम्हाला केवढा त्रास झाला."

"वेडी आहेस का गं! कुठे निघाली होतीस?" आकाने रडत होती आणि रागावतही होती.

"माहीत नाही." कोतोएचा आवाज जेमतेम ऐकू येत होता. "त्या काकांनी फोन केला. मग त्यांनी नकारार्थी मान हलवली. सर म्हणाले, मी त्यांची नाही. मला वाटलं, सर खूप चिडलेत, आता परत घेणार नाहीत. तिथे बसून त्या लोकांना किती वेळ त्रास द्यायचा? म्हणून निघाले."

"अगं, तो त्या काउंटरवाल्यांचा घोळ झाला," आकाने घाईनं म्हणाली. "त्यांनी नीट..."

मिनोरीला ते वाक्य फार हवंहवंसं वाटलं. नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं. सर यायला अजून वेळ होता.

"घोळ नाही," ती म्हणाली. "मीच सरांना सांगितलं होतं, तिघी हजर आहेत म्हणून. बारा वाजता. तू नव्हतीस, तरी सांगितलं."

कोतोएनं मान वर केली. वर्षभर एका वर्गात बसून मिनोरीनं तिचे डोळे एवढ्या जवळून कधी पाहिले नव्हते. शंभर मुलांची, सरांची, घरच्यांची, सगळी भीती मिनोरीनं आज भोगली होती. या नजरेची भीती त्यात नव्हती.

"तुला ठाऊक होतं," कोतोए म्हणाली, "मी नाहीये ते?"

"हो."

रस्त्याच्या टोकाला टॅक्सी वळली. कोतोएनं पिशवी खांद्यावर घेतली आणि दोघींपासून चार पावलं लांब जाऊन उभी राहिली. मिनोरी तिच्या जवळ गेली नाही. तिनं हात वर करून टॅक्सीला खूण केली. सर दार उघडून खाली उतरेपर्यंत तिनं तो तसाच धरून ठेवला.