दोन नंबरची डिस्क

एक कोपर.

प्लास्टरचे बांगडे, ताजे दिसावेत म्हणून वर पाणी शिंपडलेले.

जर्मनीतल्या कुठल्याशा गावात भरणारा जुन्या वस्तूंचा बाजार.

लायटर पेटवून, छत्री उघडून, नारळ कानाशी हलवून, बल्ब दुकानदाराच्याच होल्डरला लावून. धाकू परब याशिवाय कुठलीही वस्तू घरी नेत नाही.

एका गोऱ्या माणसाची टोपी.

"लावून दाखव," धाकू म्हणाला.

मालाडच्या बाजारात विकीचं जुन्या टीव्ही-स्पीकरचं दुकान होतं. डिस्क प्लेअर मागणारं गिऱ्हाईक त्यानं कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. त्यानं एक चंदेरी मशीन फडक्यानं पुसलं आणि धाकूच्या पिशवीतली डिस्क आत सरकवली. मशीन घरघरलं, थोडा वेळ विचारात पडलं, आणि पडद्यावर इंग्रजीत नकार आला.

"काका, तुमची डिस्क दोन नंबरची आहे."

"दोन नंबरची? माझ्या लेकीनं जर्मनीहून धाडलीय. नर्स आहे ती तिकडं. चोरीचा माल नाय!"

"तसं नाय ओ. कंपन्यांनी जगाचे तुकडे पाडलेत, एकेकाला नंबर दिलाय. युरोप दोन, आपण पाच. हे मशीन पाचवालं. त्याला दोनची डिस्क चालत नाय."

"सिनेमा दाखवतोस की सोयरीक जमवतोस रे?"

"हे काळं बघा. याचं लॉक काढलंय. कुठल्या पण देशाची डिस्क द्या, खातं."

"लावून दाखव."

धाकूला ही डिस्क कशाला हवी होती, तर तिच्यात त्याची बायको होती. म्हणजे बायकोचं म्हणणं तसं होतं. लग्नाआधी प्रेमा दिंडोशीला मावशीकडे राहायची. तेव्हा फिल्मसिटीत एका जर्मन सिनेमाला गर्दीसाठी बायका हव्या होत्या, आणि मावशीनं तिलाही नेलं. कोळणींच्या मासळीबाजाराचा सेट होता, टोपल्यांत प्लास्टरचे बांगडे. प्रेमा सांगायची, "मी टोपली घेऊन आडवी गेले, आन् हिरोनं माझ्याकडं बघून टोपी काढली." तो सिनेमा इथे कधी लागला नाही. त्यामुळे धाकूला उभ्या संसाराला पुरेल एवढी थट्टा मिळाली. "आमची जर्मनची हिरॉईन कुठंय? आमटीत मीठ नाय!" आधी प्रेमा हसायची. पुढे पुढे धाकू घरात असला की ती ही गोष्टच काढीनाशी झाली.

आणि आता लेकीनं, दीप्तीनं, तोच सिनेमा तिकडच्या जुन्या बाजारात शोधून पाठवला होता. दीप्तीकडे मशीन नव्हतं, त्यामुळे तिनंही तो पाहिलेला नव्हता. प्रेमानं रविवारी मजल्यावरच्या सगळ्या बायकांना बोलावलं होतं. समोरच्या विमलाला तर दोनदा. विमला म्हणाली होती, "येते की. बघू तरी."

काळ्या मशीननं डिस्क खाल्ली. विकीनं सिनेमा भराभर पुढे पळवला. बर्फ, चर्च, विमान, मग ऊन. मासळीबाजार. घामेजलेला गोरा हिरो वाट चुकून उभा. डावीकडून एक टोपली आत आली. टोपली धरलेला हात, हिरवी बाही, कोपर, कोपराखाली गोंदलेली तुळस. प्रेमा भाकऱ्या थापायची तेव्हा ही तुळस धाकू रोज बघत होता. हिरोनं तुळशीच्या दिशेनं पाहिलं, हसला, आणि टोपी काढली. लगेच हॉटेलातला प्रसंग सुरू झाला.

"काकू कधी येतात?" विकीनं विचारलं.

"येऊन गेली."

"कुठं?"

"टोपलीखाली."

विकीनं मागे घेऊन पाहिलं, आणि तो खदखदून हसला. "वाट लागली ना काका! पिच्चरमध्ये काकू नायत, काकूंचं कोपर आहे!"

कालपर्यंत हे वाक्य धाकूनंच टाकलं असतं आणि महिनाभर पुरवलं असतं. आज ते त्याला विमलाच्या आवाजात ऐकू आलं.

"ते चंदेरी दे."

"काका, ते चालत नाय."

"म्हायती आहे. परत लावून दाखव."

विकीनं लावलं. नकार आला.

"मागाहून गरम होऊन चालायला लागेल, असं काय नाय ना?"

विकी त्याच्याकडे बघत राहिला. "गॅरंटी देतो. जन्मात नाय चालणार."

"बांध."

रविवारी प्रेमा नवी साडी नेसली. बायका आल्या, चकल्या फिरल्या, मशीन घरघरलं आणि नकार आला. धाकूनं डिस्क बनियनला पुसली, रिमोटवर थापा मारल्या, विकीच्या नावानं शंख केला.

"म्हणजे आजपण नाय दिसली वाटतं हिरॉईन?" विमला म्हणाली.

बायका चकल्यांकडे बघू लागल्या. प्रेमा टीव्हीचा पडदा पुसू लागली. तो स्वच्छच होता.

"दिसायचं काय त्यात?" धाकू म्हणाला. "सायबानं टोपी काढली हिच्यासाठी. अशी. पार छातीपर्यंत आणली."

"भावोजी, तुम्ही होता काय तिथं?"

"कपाळावर घाम होता त्याच्या. तरी हसला."

प्रेमाला हुरूप आला. "आन् मी लाल पोलकं घातलेलं..."

"हिरवं," धाकू बोलून गेला.

प्रेमानं हातातलं फडकं खाली ठेवलं.

"तुमका कसा म्हायत?"

"अंदाजान सांगलंय गो."

मग तिनं हळूच उजवं कोपर पदराखाली घेतलं आणि बायकांकडे वळून, पहिल्यापासून, टोपलीपासून, सगळं सांगायला सुरुवात केली. प्लास्टरच्या मासळीवर पाणी शिंपडायच्या, त्या गोष्टीला विमलासुद्धा हसली.

त्या दिवशी विकीच्या दुकानात पडद्यावर टोपी निघाली, तेव्हा धाकू स्टुलावरून उठून उभा राहिला होता.