चहा पिऊन गेलेली गिऱ्हाइकं

रोहिणीच्या घरी एकदा आलेलं माणूस पुन्हा फिरकलं नाही, असं कधी झालं नव्हतं. पण नगरच्या नागापुरातलं ते रो-हाऊस विकायला काढलं आणि सगळं उलटंच सुरू झालं. माणसं येत, घर बघत, चहा पीत, तोंडभरून कौतुक करत आणि जात ती जातच.

हे कोडं काही तिला सुटेना.

घर विकणं भाग होतं. कल्याण, तिचा नवरा, इथल्या एमआयडीसीतल्या कारखान्यातून निवृत्त झाला, तेव्हाच दोघांनी ठरवलं होतं की आता खर्ड्याला, आपल्या शेतात राहायचं. तिथं बांधकाम काढलं. भिंती उभ्या राहिल्या, पण स्लॅब पडायचा तो इकडचं घर विकल्यावरच. भिंतींना पाणी मारायला आणि सळई-सिमेंट राखायला कल्याण पुढं गेला आणि पत्र्याच्या खोपीत राहू लागला. रोहिणी इकडं, येणाऱ्याला घर दाखवायला. एक चूल नागापुरात, एक चूल खर्ड्यात, आणि मधल्या वाटेवर संध्याकाळचा फोन.

"आज काय केलं?"

"पिठलं."

"कालबी पिठलंच हुतं की."

"कालचं पातळ झाल्तं. आज वड्या पडल्या," कल्याण म्हणायचा. मागं पत्रा वाऱ्यानं थडथडायचा. मग हळूच विचारायचा, "कुनी आल्तं का?"

"आल्तं. चांगलं म्हनून गेलं."

पहिला एजंट ओंकार. डोक्यावर गॉगल, हातात दोन मोबाईल. त्यानं घराचा व्हिडिओ काढला, त्याला गाणं लावलं आणि पार नगरभर फिरवला. त्याच्याच सांगण्यावरून रोहिणीनं माळा रिकामा केला, देव्हाऱ्यामागची काजळी घासली, खिडक्यांना नवे पडदे शिवले. मागच्या खोलीत पश्चिमेच्या भिंतीला पोपडे आले होते. ते खरवडून पुट्टी भरली आणि वर फिकट पिवळा रंग मारून घेतला.

"ओलीबिलीचं काही बोलायचं नाही हां, काकू," ओंकार म्हणाला. "रंग मारला की भिंत गप्प बसते."

भिंत गप्प बसली. रोहिणीही बसली, कारण तिला कुणी काही विचारलंच नाही. कोणी आलं की ती शिरा टाकायची, आल्याचा चहा ठेवायची. सवाष्ण बाई पहिल्यांदा घरात आली, तर हळदीकुंकू लावल्याशिवाय तिला पाठवायची कशी? एकदा एका गृहस्थाचा हात बेसिनच्या नळाकडं गेला होता, तेवढ्यात रोहिणीनं त्याच हातात कपबशी दिली. नळ राहिला तो राहिलाच.

"मार्केट थंड आहे, काकू," ओंकार म्हणाला.

"मार्केट थंड हाय तर मानसं येतात कशाला?"

ओंकारनं गॉगल डोळ्यांवर घेतला.

मग एका बाजारच्या दिवशी रोहिणीला रेश्मा दिसली. नवऱ्याला घेऊन घर बघायला आलेल्यांपैकी ती पहिलीच. रेश्मा भाजीवाल्यासमोर उकिडवी बसली होती. मेथीच्या जुडीचा दोरा सैल करून तिनं आतली पानं बघितली, भेंडीचं टोक मोडलं, वांगं कानाशी नेऊन दाबलं आणि वर भाजीवाल्याशी असं भांडली की तो शेवटी हात जोडून म्हणाला, "न्या ताई, फुकट न्या." रोहिणी थबकून बघत राहिली. या बाईनं तिच्या घरातलं एक कपाटसुद्धा उघडून बघितलं नव्हतं.

ती जवळ गेली. "रेश्माताई, एक विचारू? राग मानू नका. आमचं घर आवडलं नव्हतं का?"

रेश्मा ओशाळली. "अहो काकू, लई आवडलं होतं."

"मग?"

"आता खरं सांगते. तुमच्या हातचा शिरा खाल्ला, कुंकू लावून घेतलं. हे हळूच मला म्हणाले, नळ सोडून बघू का? मी म्हटलं गप्प बसा, पाहुण्यांच्या घरात बरं दिसतं का ते? नळच सोडवेना, तर भाव पाडून कोणत्या तोंडानं मागणार? भाव न करता घर घेतलं तर सासूबाई जन्मभर बोलून दाखवतील. रस्त्यातच आमचं ठरलं, दुसरं बघू."

रोहिणीला हसू आलं आणि त्या हसण्याखाली कुठंतरी टोचलंही. "मग घेतलं दुसरं?"

"घेतलं ना. खानावळवाल्या राजेश्वरीताईंकडून. त्या घरमालकाला दारातसुद्धा उभं करत नाहीत."

राजेश्वरीची खानावळ कंपनीच्या गेटासमोर. कोण कुठल्या खोलीत भाड्यानं राहतो, कुणाचं लग्न ठरलं, कुणाला आता घर हवंय, हे तिला ताटं वाढता वाढता कळायचं. रोहिणीची गोष्ट तिनं पोळ्या लाटत ऐकली.

"किल्ली माझ्याकडं द्यायची," ती म्हणाली. "तुम्ही घरात थांबायचं नाही. चहा नाही, बिस्कीट नाही, आणि कुंकू तर अजिबात नाही."

"अवो, आलेल्या मानसाला पानी तरी?"

"पाणी नळाला येतंय का ते बघू दे त्याला."

त्याच आठवड्यात राजेश्वरी एका म्हातारीला घेऊन आली. कडूबाई तिचं नाव, गाव पाथर्डीकडचं. मुलगा इथल्या वर्कशॉपात कामाला, बरोबर सून होती. रोहिणी शेजारच्या ओट्यावर गव्हाचं सूप घेऊन बसली होती. शेजारीण ड्यूटीवर गेलेली, ओटा मोकळा.

कान मात्र भिंतीपलीकडं लागलेले.

आपल्याच घराचे आवाज तिनं असे बाहेरून कधी ऐकले नव्हते. कडी वाजली, ती स्वयंपाकघराच्या खिडकीची. कर्रर्र झालं, ते न्हाणीचं दार. टाकीचं झाकण दणकन आपटलं. नळ सोडला, बंद केला, पुन्हा सोडला. मग भिंतींवर बोटाच्या पेरानं टकटक, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत. गल्लीत कुणी जोगतीण दारं वाजवत फिरावी, तशी ती टकटक घरभर फिरली.

"न्हानीचं दार फुगलंय," कडूबाईचा आवाज आला. "वट्याची फरशी कुनी बसीवली ही? उतार उलटा हाय."

उतार उलटा होता हे खरंच होतं. इतकी वर्षं रोहिणी स्वयंपाकाच्या ओट्यावरचं पाणी रोज फडक्यानं मागं ढकलत आली होती. तिला राग यायला हवा होता, पण आला नाही. उलट, आता ही बाई आणखी काय काढते, याचीच तिला उत्सुकता लागली.

थोड्या वेळानं म्हातारी एकटीच बाहेर आली आणि सरळ शेजारच्या ओट्याशी येऊन टेकली. "बाई, हितंच ऱ्हाता का?"

"व्हय," रोहिणी म्हणाली. एवढं तरी खोटं नव्हतं.

"घरवाली मानसं कशी हायेत?"

"बरी हायेत. गावाकडं चाललेत, शेतात."

"काय झालंबिलं न्हाई ना घरात? आजारपन, भांडान?"

"भांडान झालं तर भाजीच्या मिठावरनं."

कडूबाई हसली. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "आमचा जल्म समदा ऊसतोडीत गेला. सा म्हैने कोपीत, सा म्हैने गावाला. म्या पोराला म्हनलं, आता मला भित्ताची खोली पायजे. मागची खोली मला दावली त्यांनी. तिथं बाज टाकीन म्हनते, पन मला खोकला हाय. बाई, खरं सांगा, भिताडाला वल येती का?"

रोहिणीचा हात सुपात थांबला. आजवर कुणी न विचारलेला प्रश्न शेवटी समोर आला होता. "न्हाई" एवढंच म्हटलं तर खर्ड्याला स्लॅब पडणार होता. वाऱ्यानं थडथडणारा पत्रा तिच्या कानात वाजला. आणि समोर ही म्हातारी, उत्तरासाठी मान जराशी तिरकी करून.

"येती," रोहिणी म्हणाली. "पश्चिमेच्या भिंतीला, पावसाळ्यात. रंग नवा हाय म्हनून दिसत न्हाई. गच्चीचा पाइप उतरतो ना, त्याच्या सांध्यातनं पाझरती. तुमी बाज टाकाल तर पूर्वेच्या अंगानं टाका. तिकडं कोरडं ऱ्हातं, सकाळचं ऊनबी येतं."

"पानी?"

"दिवसाआड. दुपारचं येतं, कवा येतच न्हाई."

कडूबाई गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि आत गेली. रोहिणीला वाटलं, संपलं. आज संध्याकाळी कल्याणला पुन्हा काय सांगायचं?

तेवढ्यात आतून आवाज चढला. "वल हाय, उतार उलटा हाय, दार फुगलंय आन भाव नव्या घराचा सांगता व्हय? पाइपाचा खर्च आमी का करावा?" राजेश्वरी काही बोलली, म्हातारीनं ते मध्येच तोडलं, सुनेनं आणखी एक खोट काढली. भांडण चांगलंच रंगलं. मध्येच राजेश्वरी अंगणात आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "काकू, ओलीचं तुम्ही सांगितलं? तुम्ही नक्की कुणाच्या बाजूच्या?"

रोहिणीनं सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

राजेश्वरीच्या मागोमाग कडूबाई आली. "पाइपाचं अन् दाराचं धरून जरा खाली या. इसार सोमवारी देतो," ती म्हणाली, आणि मग रोहिणीकडं वळली. "आन तुमी कवा रिकामं करताय?"

"मी?"

"शेजारीन दुसऱ्याच्या घरातली वल सांगती तवा जरा खुशीत असती. तुमचा आवाज बसला हुता."

रोहिणीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "म्हंजे घेताय तुमी?"

"घेयाचं नसतं तर येवढी भांडले कशाला असते?"

कल्याणनं फोन पहिल्याच घंटेला उचलला. मागं आज वारा नव्हता.

"ठरलं," रोहिणी म्हणाली. "थोडं खाली यावं लागलं. पन स्लॅबचं निघतंय."

मग कल्याणनं विचारलं, "कशी हायेत मानसं?"

"भांडखोर हायेत. लई चांगली हायेत."

"म्हंजे कशी ती?"

"आल्यावर सांगते," रोहिणी म्हणाली.