विकायच्या घरातले चोपणे

मित्रांनो, मी एक जुने चोपणे आहे. ज्यांच्या घरी दगडी फरशी आहे त्यांनी मला पाहिले नसेल, म्हणून आधी माझे रूप सांगते. हातभर लांब आणि वीतभर रुंद अशी बाभळीची जाड फळी, तिला वर एक वाकडी मूठ. घरात मातीची जमीन करताना ओली माती ठोकून ठोकून घट्ट बसवायची, हे माझे काम. दुसरे काही मला येत नाही.

नेवाशापासून दोन कोसांवर, प्रवरेच्या अलीकडे, आमचे गाव आहे. तिथल्या सहादेव सुताराने नदीकाठच्या वठलेल्या बाभळीतून मला काढले. त्या वर्षी बन्सीचे लग्न झाले होते आणि त्याने दोन खणांचे धाब्याचे घर नवे बांधले होते. घराला जमीन करायची म्हणून मी आले. बन्सीची बायको मुक्ताबाई हिने मला पहिल्यांदा हातात घेतले, दोन ठोके मारले आणि सहादेवला म्हणाली, "मूठ जरा तासा. हात सोलतोय."

पुढची तीस वर्षे मी तिच्याच हातात होते. ती दर फाल्गुनात जुनी जमीन खणून काढी. डोक्यावर पाटी घेऊन कुठून तरी माती आणी, तीत मुरूम आणि भुसा मिसळी, पाणी शिंपून रात्रभर मुरू देई. सकाळी पदर खोचून आतल्या कोपऱ्यापासून मला घेऊन बसे. माती कच्ची असली की माझा आवाज बद्द येतो. ती बसत गेली की आवाज खणखणीत होतो. मुक्ताबाई डोळे मिटून तो आवाज ऐके. वरून शेणाचा हात फिरवला की जमीन अशी होई की सांडलेली बाजरी खडा न येता भरून घ्यावी. शेजारणी मला मागून नेत. "सांजच्या आत परत पायजे," असे सांगितल्याशिवाय ती मला उंबऱ्याबाहेर जाऊ देत नसे.

बन्सी चांगला शेतकरी होता. शेतातून यावे, जमीन ओली असेल तर बाहेर ओट्यावर भाकरी खावी आणि परत जावे, एवढाच त्याचा आणि माझा संबंध. जमीन कशी होते ते त्याने कधी पाहिले नाही.

जपानशी चाललेली लढाई संपली त्या वर्षी कार्तिकात मुक्ताबाईला ताप आला. तिसऱ्या दिवशी ती गेली.

त्यानंतर खुंटीवरची माझी जागा सुटली. गोठ्यातल्या गव्हाणीचा एक कोपरा खचला होता, त्याखाली बन्सीने मला टेकू म्हणून घातले. चार महिने मी गव्हाणीचे ओझे अंगावर घेऊन पडून होते. त्याला दोष देत नाही. तो तेव्हा हाताला लागेल ती वस्तू कुठेही ठेवत असे. चुलीपाशी जमीन उखणली, मुंग्यांनी माती वर काढली, पण त्याचे लक्ष नव्हते.

माघात त्याची एकुलती लेक चांगुणा देवळाली प्रवराहून आली. तिचा नवरा फौजेत होता, तो ब्रह्मदेशातून परत आला नव्हता. पदरात दोन लहान मुली होत्या. तिची शेतजमीन दुसऱ्याकडे बटईने, म्हणजे निम्म्या पिकाच्या वाट्याने, कसायला होती.

"आबा, पाडव्याला बटईदार यायचाय बोली करायला," ती म्हणाली. "एकदा व्हय म्हनलं की साल गेलं. यंदा निम्मं पीकबी घरात आलं न्हाई. रानाची वाट लावलीया त्यानं. तुमी बैल घेऊन आलात, तर मी त्याला न्हाई म्हनू शकते. न्हाईतर कुनाच्या जिवावर म्हनू?"

बन्सी म्हणाला, "त्याला न्हाईच म्हन. मी येतो."

त्याचा एक बैल म्हातारा होता आणि दुसरा मुक्ताबाईच्या आजारपणात विकला गेला होता. आपले रान भावकीकडे कसायला देऊन ते लेकीसाठी राखायचे होते, त्यामुळे नव्या जोडीसाठी घर विकण्यावाचून वाट नव्हती.

सहादेव सुतार आता म्हातारा झाला होता. तो येऊन खांब ठोकून बघून गेला. "लाकूड चांगलं हाय. घर मोड आन खांब-तुळया वीक. उद्या गिऱ्हाईक आनतो."

"मोडायचं न्हाई," बन्सी म्हणाला. "तिनं तीस सालं राखलंय हे. ऱ्हानाऱ्या मानसालाच देनार."

"आन न्हाई मिळाला ऱ्हानारा तर?"

"मग पाडव्याच्या आदल्या दिशी ये. तवर कुऱ्हाड घरी ठेव."

कालव्याच्या पाटावर पाणी सोडणारा नवा पाटकरी आला होता, गोरक्षनाथ त्याचे नाव. तो पाथर्डीकडचा. बायकोला घेऊन पाटाच्या कडेला खोपीत राहत होता आणि घर शोधत होता. त्याने निरोप पाठवला की फाल्गुन वद्य एकादशीला बघायला येतो. पाडवा त्यानंतर पाच दिवसांवर होता. एकादशीपर्यंत हातात बारा दिवस होते.

बन्सी कामाला लागला. त्याने दारासमोरचा उकिरडा मागे नेला. छताची जळमटे आणि काजळी काढली. भिंतीतली उंदरांची बिळे दगड ठोकून बुजवली. दाराला करडीचे तेल चोपडले. मग गव्हाणीखालून मला ओढून काढले, धुतले आणि उन्हात ठेवले. माझ्या एका कडेला कुजल्यासारखा डाग पडला होता. तो त्याने विळ्याने खरवडला.

आणि इथेच तो चुकला. त्याचे रान म्हणजे काळे कसदार. त्याच्या मातीचे नाव चार गावांत निघे. त्याने विचार केला, घराला वाईट माती कशाला घालू? तो शेजाऱ्याचे बैल मागून स्वतःच्या शेतातली दोन गाड्या काळी माती घेऊन आला. घरभर पसरली, पाणी मारले आणि दोन दिवस मला घेऊन ठोकत बसला. मला कळत होते. माझा आवाज बद्दचा बद्दच होता. पण लाकडाला ओरडता येत नाही, मित्रांनो.

पारावरची माणसे गंमत बघायला आली. एक जण म्हणाला, "बन्सी, आता लुगडं नेसलास की झालं बघ."

बन्सीने मान वर केली नाही. "नेसतो. बायकूला इचारून एक घेऊन ये. पर तुला तरी घरात कुनी इचारतं का?"

बाकीचे हसले आणि निघून गेले.

चौथ्या दिवशी जमीन वाळली आणि फाटली. चैत्रातल्या रानासारखी. भेगांत बोट जाईल अशी. शेजारची रंगुबाई ताक द्यायला आली ती दारातच थबकली.

"आगं बया! भावजी, घर केलंया का नांगरट?"

बन्सी भेगांकडे बघत उभा होता. "लई ठोकली, वैनी. तरीबी अशी का झाली?"

"काळी माती वाळली की फाटनारच. इतकी वर्सं रानात राबताय, तुमाला म्या सांगाया पायजे? शेताला काळी, घराला पांढरी. जुनं गाव पडलंय न्हवं वढ्यापल्याड, तितली माती घालत्यात."

"ती तितनं आनायची?"

"तुमच्या म्होरून तर जायाची पाटी घेऊन, दर साली."

"जायाची," बन्सी म्हणाला. "मी कदी इचारलं न्हाई."

रंगुबाईने ताकाचा तांब्या खाली ठेवला.

एकादशीला तीन दिवस उरले होते. दुसरा कोणी असता तर वरून शेणाचा जाड हात फिरवून भेगा झाकल्या असत्या. तसे सहादेवने सुचवलेही. "एक दिस तर निभवायचाय. पैसं हातात पडलं की मग त्यांचं ती बघत्याल."

"एक दिस न्हाई," बन्सी म्हणाला. "त्यांना ऱ्हायचंय."

त्याने कुदळ घेतली आणि सगळी जमीन पुन्हा उकरली. काळी माती गाडीत भरून शेतात परत टाकली. मग बायका नेतात तशी डोक्यावर पाटी घेऊन ओढ्यापलीकडून पांढरी माती आणली, कारण तिथे गाडी जात नाही. किती खेपा झाल्या ते मला ठाऊक नाही. रंगुबाईने मुरूम किती आणि भुसा किती ते दाखवले. दशमीला सकाळपासून अंधार पडेपर्यंत तो ठोकत होता. त्याच्या तळहाताला फोड आले आणि फुटले, तेव्हा मुठीला फडके गुंडाळून तो ठोकत राहिला. संध्याकाळी पहिल्यांदा माझा आवाज खणकला, तोही फक्त मधल्या भागात.

एकादशीला सकाळीच गोरक्षनाथ आणि त्याची बायको मालनबाई आली. बन्सी दारात आडवा उभा राहिला.

"आत पाय टाकू नका. जमीन वली हाय."

गोरक्षनाथ चिडला. "कोसभर चालत आलो आन दारातच उभं करता? का काही झाकायचंय?"

"झाकायचं असतं तर जमीन सुकी दिसली असती," बन्सी म्हणाला आणि त्याने सगळे सांगून टाकले. काळी माती घातली, ती फाटली, ती काढून पांढरी घातली. गोठ्याकडच्या खांबाला खालून वाळवी लागली आहे, तो खांब बदलावा लागेल. हे घर त्याच्या बायकोने राखले होते आणि त्याला स्वतःला त्यातले काही येत नाही.

"काळी घातली!" मालनबाई तोंडाला पदर लावून हसली. मग बन्सीचे हात तिला दिसले आणि ती हसायची थांबली. उंबऱ्यावर बसून तिने अंगठ्याने माती दाबून पाहिली.

"माती झ्याक हाय. पर कोपरं कच्चं ऱ्हायलं. आज बसलं न्हाई तर तितनंच उखणंल." ती उठली, पदर खोचला आणि मला उचलून भिंतीच्या कडेकडेने आतल्या कोपऱ्यात जाऊन बसली. वर्षभराने माझ्यावर जाणता हात पडला. ठोका कुठे हलका आणि कुठे भारी, ते तिला सांगावे लागत नव्हते.

गोरक्षनाथ दारातून म्हणाला, "अगं, घर अजून घेतलं न्हाई आपुन!"

"मग घ्या की आता," ती न थांबता म्हणाली. "मी काय लोकाची जमीन चोपाया बसले व्हय?"

बन्सी ओट्यावर जाऊन बसला. गोरक्षनाथ त्याच्या शेजारी बसला. आत माझा आवाज एकेका कोपऱ्यात खणकत गेला आणि बाहेर दोघांचे ठरत गेले.

पाडव्याच्या आदल्या दिवशी बन्सी नवे बैल जुंपून देवळालीला निघाला. मालनबाईने मला पुढे केले. "तुमच्या घरातलं हाय, घेऊन जा."

"ऱ्हाऊ द्या. हितली जमीन दर साली करावी लागंल," तो म्हणाला. गाडीत त्याने सहादेवकडून करून घेतलेले दुसरे चोपणे ठेवले होते. "लेकीच्या घरची जमीन मीच करनार हाय. तितं पांढरी कुठं हाय, ते आधी इचारीन."

मित्रांनो, मी आता मालनबाईच्या खुंटीवर असते आणि दर फाल्गुनात माझे काम करते. माझे तुमच्याकडे एकच मागणे आहे. तुमच्या घरात कोणीतरी रोज काही काम करते आणि ते झालेले तुम्हाला नुसते दिसते. आज त्यांच्याजवळ जाऊन बसा. माती कुठून आणता, पाणी किती घालता, ते विचारा. हात माखले तर माखू द्या. ते माणूस आहे तोवर विचारा.