शिंकाळ्यातले कांदे

आधी कांदा निवडावा. मानेशी दाबून पाहावा. मान जाड, ओली लागली तर आजच चिरावा. बारीक आणि वाळलेली असली तर खुशाल ठेवून द्यावा.

हे भागिरथाला तिच्या सासूनं शिकवलं. शिकवलं म्हणजे टोमणे मारले. दुर्गाबाईची शिकवण कुठं संपते आणि टोमणा कुठं सुरू होतो, हे केनवडात कुणालाच सांगता आलं नसतं. "आसेगावचे लोक कांद्याले दुरूनच पाह्यतात काय वं? दाब त्याले! पाव्हना नाई थो."

त्या दुर्गाबाईनं आता बोलणंच टाकलं होतं.

मग चूल पेटवावी.

चूल तर रोजच पेटत होती. मुदतीचा ताप उतरला, पण जाताना म्हातारीच्या तोंडाची चव घेऊन गेला. पेज, मुगाचं कढण, पातळ पिठलं, काहीही पुढं केलं की ती एक घोट घ्यायची आणि भिंतीकडे तोंड फिरवायची. "मातीवानी लागते." बस, एवढंच. डॉक्टर म्हणाला, औषधाचं काम झालं, आता पोटात अन्न गेलं नाही तर बाई हातची जाईल. हे ऐकल्यापासून तिचा लेक देवमन अंगणात बसून विळ्याला उगाच धार लावत होता. शेजारच्या बेबीताईनं भागिरथाला बाजूला घेतलं.

"नणंदेले कळवलं काय वं? मागून बोल नोको लागाले."

भागिरथा उलटपावली वळली. घरात येऊन तिनं कांद्याची पाटी ओढली. तळाशी पांढरे कांदे उरले होते, गोडमिट्ट. एक दाबला तर बोटच आत गेलं.

तिनं वर पाहिलं.

आढ्याला शिंकाळं टांगलेलं होतं. त्यात लाल कांदे. मुठीएवढे, घट्ट सालीचे. आसेगावला, तिच्या माहेरी, घरातला चांगला कांदा असाच उंच टांगून ठेवत. उंदरांपासून दूर, आल्यागेल्यासाठी, आजाऱ्यासाठी. भागिरथा उखळावर चढली आणि एक कांदा काढला.

तो सालीसकट निखाऱ्यांच्या आरावर भाजावा. साल करपून आतला रस फसफसला की सोलून ठेचावा. मडक्यात थोडं तेल, जिरं, लसूण. त्यावर कांदा, लालसर होईस्तोवर. घाई करू नये. हळद, मीठ. ज्वारीचं मूठभर पीठ पाण्यात कालवून सोडावं आणि उकळी

"भागिरथा."

उकळी येऊ द्यावी.

"भागिरथा! बह्यरी झाली काय वं?"

भागिरथा हातातल्या पळीसकट धावली. दुर्गाबाई कोपरावर उठली होती. नाक चुलीच्या दिशेनं.

"काय शिजवून राह्यली?"

"कांद्याचं कढन, आत्याबाई."

"पांढऱ्या कांद्याले असा वास येत नाई. कोनता घेतला?"

भागिरथानं शिंकाळ्याकडे बोट केलं.

म्हातारीनं डोळे मिटले. ते बियाचे कांदे होते. बहात्तरच्या दुष्काळात विहीर आटली आणि घरचं बी बुडालं. मग दुर्गाबाईनं कारंज्याच्या एका ओळखीच्या बाईकडून चिमूटभर बी आणलं, वाढवलं, आणि यंदा चैत्रात अख्खा ढीग दाबून दाबून त्यातले हे वर चढवले. दिवाळीनंतर पुन्हा जमिनीत लावायचे, फुलं येतील, बी धरेल. तोवर कुणी हात लावायचा नाही. भागिरथा लग्न होऊन आली वैशाखात. तिला सांगायचं राहिलं.

"बियाचा कांदा!" दुर्गाबाई कडाडली. "बियाचा कांदा चुलीत घातला वं! तुह्या मायनं तुले वर पाहाले शिकवलं, इचाराले नाई शिकवलं! आज कांदा भाजला, उद्या माह्यं घर भाजशीन!"

आसेगाव झालं, माहेर झालं, भागिरथाचं उखळावर चढणं झालं. कुडापलीकडून बेबीताई ओरडली, "बोलली वाटते म्हातारी!" देवमन विळा टाकून दारात येऊन उभा राहिला. त्याचं हसू त्याला आवरेना.

"दात काय काढतं रे? आन थे कढन इकडं. भाजलाच हाय, तं वाया कायले घालवता?"

भागिरथानं वाटी दिली. एक घोट. दोघंही भिंतीकडे बघत राहिली. आता तोंड फिरवते की काय.

"मीठ कमी हाय," दुर्गाबाई म्हणाली. दुसरा घोट. "अन् तिखट कुठी गेलं? मी काय लेकरू हाय?"

वाटी रिकामी झाली. मग म्हातारी भिंत धरून उठली, सुनेनं पुढं केलेला हात तिनं झटकला, आणि शिंकाळ्याखाली जाऊन उभी राहिली.

"उतरव रे."

देवमननं शिंकाळं उतरवलं. ती तिथंच बसली आणि एकेक कांदा मानेशी दाबून पाहू लागली. एकावर अंगठा थांबला.

"हा मऊ पडला. दिवाळीपावतर टिकत नाई." तिनं तो भागिरथाच्या ओटीत टाकला. "संध्याकाळी याचं कर. संग भाकर टाक, पातळ."

भागिरथानं मानेशी दाबून पाहिला. दगडासारखा टणक. मान बारीक, वाळलेली.

तिनं तो परत ओटीत ठेवला. पिठाचा डबा काढायला आत गेली, आणि आत गेल्यावर मात्र चांगलं पोटभर हसली.